टेबल सगळ्यात शेवटी : वन बीएचकेमध्ये ऑफिस कसं बसवावं

२०२० च्या जूनमध्ये ऑनलाइन सामान पुन्हा घरपोच यायला लागलं आणि मी पहिल्या झटक्यात एक टेबल मागवलं. चार फुटी, अक्रोडी रंगाचं, फोटोत त्याच्यावर एक कुंडी आणि कॉफीचा मग. आज त्या टेबलावर मिक्सर आणि पिठाचे डबे आहेत. पहिल्या पावसात त्याच्या कडा पापडासारख्या फुगल्या, पण ते नंतरचं. मुळात ते माझ्यासाठी पाच-सहा इंच उंच होतं, आणि हे कळायला मला मानेची दुखणी काढावी लागली.

आम्ही डोंबिवलीत राहतो. ४८० चौरस फूट, त्यात मी, नवरा, शाळकरी मुलगा आणि सासूबाई. माझं काम पगारपत्रकांचं. महिन्याची २५ तारीख उलटली की सहा-सात तास सलग खुर्चीतून उठता येत नाही. आठवड्यातले तीन दिवस अजूनही घरून काम असतं, आणि लोकलचे ते तीन दिवस वाचतात म्हणून मी ते सोडायला तयार नाही. एवढ्या वर्षांत जे चुकून शिकले ते इथे क्रमानं लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक टेबलापासून सुरुवात करतात आणि मग खुर्ची, दिवा, वायर, माणसं सगळी त्या टेबलाभोवती कोंबत बसतात.

हाताशी एवढं ठेवा: मोजायची टेप, दोन लाकडी पाट, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा, एक वही आणि पेन, टेस्टर. फोन असतोच.

१. आठ दिवस काहीही विकत घेऊ नका

आहे त्या घरात, आहे त्या सामानावर आठ दिवस काम करा आणि वहीत टिपा: कुठे बसलात, किती वाजता, काय खुपलं. माझ्या वहीतल्या काही नोंदी अशा होत्या: "मंगळवार, पलंगावर, ११ ते १. डाव्या पायाला मुंग्या." "बुधवार, डायनिंग टेबल, साडेतीन. समोरच्या काचेवरून ऊन थेट डोळ्यात." "गुरुवार, कॉल चालू असताना कुकर. चार शिट्ट्या."

आठ दिवसांनी ही वही वाचली की तुमच्या घराचा खरा त्रास कोणता ते दिसतं. मला वाटत होतं मला जागा नाही. वहीत मात्र जागेची तक्रार दोनदाच होती, मान-खांद्याची नऊदा आणि विजेची पाचदा. पैसे कुठे घालायचे याचा निवाडा तिथेच झाला.

२. स्वतःचं माप घ्या

ब्लाउज शिवायला माप देतो, चप्पल घालून बघतो, पण रोज आठ तास ज्यावर बसायचं ते बिनमापाचं घेतो. घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. स्टुलावर ताठ बसा, तळवे पूर्ण टेकलेले, मांड्या जमिनीला समांतर. पाय टेकत नसतील तर खाली पाट घ्या आणि पाटापासून मोजा. चार मापं हवीत.

गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत: ही तुमच्या खुर्चीची उंची. माझी १५.५ इंच.
दंड सैल सोडून हात काटकोनात वाकवला की कोपरापासून जमिनीपर्यंत: ही कीबोर्डची उंची. माझी २४ इंच.
डोळ्यापासून जमिनीपर्यंत: स्क्रीनची वरची कड इथे यायला हवी. माझं माप ४३.
पाठीमागून गुडघ्याच्या खळगीपर्यंत: यातून दोन इंच वजा केले की खुर्चीची बैठक किती खोल हवी ते कळतं.

आता बाजारात बघा. तयार टेबल साधारण २९ ते ३० इंच उंच असतं. माझी उंची ५ फूट १ इंच. म्हणजे ३० इंची टेबलावर टाइप करताना माझे खांदे दिवसभर कानाकडे उचललेले. संध्याकाळी मान आखडायची ती यामुळे, आणि मी उशी बदलत बसले होते. उंच माणसांचं उलटं होतं, ती वाकून बसतात. पावणेसहा फुटी माणसाला हे टेबल त्या मानानं बरं जमतं, बाकीच्यांनी टेप काढावी.

३. कोपरा निवडा

वेगळी खोली मिळत असेल तर हा भाग सोडून पुढे जा, तुम्ही भाग्यवान. आमच्याकडे तीन पर्याय होते: हॉलचा कोपरा, बेडरूममधली कपाटाशेजारची जागा आणि बिल्डरनंच बंद करून दिलेली चार बाय आठची बाल्कनी.

बेडरूम शांत, पण रात्री झोपायला गेलं की लॅपटॉपचा दिवा डोळ्यांसमोर मिचमिचत असायचा आणि कामाची ती फाइल डोक्यातून जायची नाही. हॉलमध्ये टीव्ही. शेवटी बाल्कनी घेतली. बंद बाल्कनीचे तीन दोष आधीच सांगते, म्हणजे नंतर मला दूषणं देणार नाही. एक, पश्चिमेची असेल तर दुपारी तीननंतर भट्टी. दोन, स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतून पावसाचं पाणी आत येतं. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं पाणी जायची भोकं असतात, ती मे महिन्यात दाभणानं मोकळी करून घ्या आणि सिलिकॉन कुठे सुटलंय ते बघा. तीन, भिंतीला ओल धरते, म्हणून कोणतीही लाकडी वस्तू भिंतीपासून दोन बोटं सुटी ठेवा.

भाड्याचं घर असेल तर भिंतीत ड्रिल मारण्याआधी मालकाला विचारा. डिपॉझिटमधून भोकं वजा होतात.

४. खुर्ची

सगळ्यात जास्त पैसे इथे. शक्य असेल तर नवी स्वस्त खुर्ची घेण्यापेक्षा चांगली खुर्ची जुनी घ्या. ऑफिसं बंद होतात, जागा बदलतात, तेव्हा त्यांचं फर्निचर जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडे घाऊक येतं. ऑफिसात वापरलेली दणकट खुर्ची अर्ध्याहून कमी किमतीत मिळून जाते आणि दुकानातल्या चकचकीत खुर्चीपेक्षा जास्त वर्षं टिकते. फक्त तिथे जाऊन बसायचं. दोन मिनिटं नव्हे, वीस मिनिटं. मी दुकानात बसून आईला फोन लावला आणि गप्पा मारल्या. दुकानदार वैतागला, पण तेवढ्या वेळात एक खुर्ची बाद झाली.

बघायच्या गोष्टी:

सगळ्यात खाली नेल्यावर बैठक किती इंचांवर येते ते टेपनं मोजा. बऱ्याच खुर्च्या १७-१८ च्या खाली येतच नाहीत. माझ्यासारख्या बुटक्या बायकांचे पाय मग लोंबकळतात आणि मांडीच्या खालच्या बाजूला रग लागते. तीच खुर्ची घ्यायची असेल तर पाय पाटावर ठेवायचे. हो, जेवायच्या पाटावर. बाजारात हजार रुपयांना मिळणारं 'फूटरेस्ट' पाटापेक्षा वेगळं काही करत नाही.

मागे टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची खळगी यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. राहत नसेल तर तुम्ही कधीच मागे टेकणार नाही, कडेवर बसून काम कराल आणि पाठीचा आधार नुसता शोभेला.

हात टेकायच्या दांड्या खालीवर होतात का? होत नसतील तर त्या टेबलाच्या कडेला आपटतात आणि खुर्ची आत जात नाही. मग हात लांब ताणून टाइप करावं लागतं.

खुर्ची वर करून त्यावर पूर्ण वजन टाकून पाच मिनिटं थांबा. हळूहळू खाली बसत असेल तर गॅसची नळी गेलेली आहे. नळी बदलून मिळते, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

रेक्झिन नको. आपल्या हवेत पाठ घामेजते आणि दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. जाळीची पाठ घ्या. आणि मोटारीच्या सीटसारख्या दिसणाऱ्या त्या लाल-काळ्या गेमिंग खुर्च्या मुलाच्या हट्टाखातर घेऊ नका, आम्ही थोडक्यात वाचलो.

आत्ता पैसे नसतील तर डायनिंगचीच खुर्ची घ्या आणि एक पंचा गुंडाळून कमरेच्या खोलगट भागात धरा. मी चार महिने तसंच काढलं. पंचा सरकतो, तेवढी एकच अडचण.

५. लॅपटॉप उचला, हात खाली ठेवा

लॅपटॉपची रचनाच अडचणीची. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर कीबोर्ड छातीशी येतो, कीबोर्ड जागेवर ठेवला तर मान खाली. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो. साधा वायरचा जोड घ्या, तो महाग नसतो. या लेखातल्या सगळ्या खरेदीत कमीत कमी पैशात जास्तीत जास्त आराम याच वस्तूनं दिला.

लॅपटॉपखाली स्टँड येईपर्यंत दिवाळी अंक. आठ-नऊ जाडजूड अंक म्हणजे साधारण चार इंच. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटांची टोकं टेकतील एवढं. अंक मात्र लॅपटॉपच्या तळातली हवेची जाळी झाकणार नाहीत असे मांडा, नाहीतर पंखा घों घों करायला लागतो.

एक अपवाद आहे आणि तो चाळिशीच्या लोकांना कुणी सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर जवळचं वाचायची काच खालच्या भागात असते. स्क्रीन डोळ्यांसमोर आली की आपण हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघायला लागतो आणि मान मागून दुखते. अशांनी स्क्रीन दोन-तीन इंच खालीच ठेवावी, किंवा चष्म्याच्या दुकानात संगणकासाठी वेगळा नंबर करून घ्यावा. माझ्या नवऱ्यानं दुसरं केलं.

डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसचा नियम ऐकला असेल: दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. आमच्या घरात कुठूनही कुठेही २० फूट भरत नाहीत. मी समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे बघते. आता त्या घरी पाहुणे आलेत की नाही हेही कळतं.

६. उजेड

खिडकी उजव्या किंवा डाव्या हाताला हवी. समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीमागे असेल तर स्क्रीनवर खिडकीच दिसते आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही काळी सावली. उजव्या हातानं लिहिणाऱ्या माणसानं खिडकी डावीकडे घ्यावी, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

रात्रीसाठी खोलीतला नेहमीचा दिवा आणि जोडीला ९ वॅटचा एक एलईडी बल्ब टेबलाच्या दिव्यात. बल्बच्या खोक्यावर ४००० के लिहिलेलं बघा. ६५०० म्हणजे तो निळसर, दवाखान्यासारखा पांढरा. अंधाऱ्या खोलीत फक्त स्क्रीनच्या उजेडात बसू नका. उजेडाचं एवढंच.

७. वीज

आधी सुरक्षितता. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? अर्थिंग नाही असा संशय घ्या. अडॅप्टरची पिन तीनची आहे का बघा, आणि वायरमनला बोलावून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या. नुसता टेस्टर लावून 'लाइट येते' म्हणणाऱ्या वायरमनला थांबवा. टेस्टरनं अर्थिंग कळत नाही. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. आमच्याकडे तसंच निघालं, वीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

एक्स्टेंशन बोर्डावर लॅपटॉप, राउटर, दिवा एवढंच. इस्त्री, गिझर, हीटर कधीच नाही, ते १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटचे गिऱ्हाईक. आणि एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन खुपसू नका.

आता लोडशेडिंग आणि दुरुस्तीचे वार. इथे हिशेब सोपा आहे, दुकानदारावर विसंबू नका. इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, १२ व्होल्ट. गुणाकार करा: १८०० वॅट-तास. पण रूपांतरात काही वीज जाते आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, म्हणून मी १२०० धरते. माझा भार: लॅपटॉप ६५ वॅट, राउटर १०, एलईडी ट्यूब २०, पंखा ३०. एकूण १२५. म्हणजे नऊ तासांच्या आसपास. अर्थात घरातले बाकीचे पंखे आणि टीव्ही त्याच बॅटरीवर असतील तर यातलं निम्मंही मिळत नाही. पंखा ३० वॅटचा म्हणाले तो बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा. साधा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. इन्व्हर्टर असलेल्या घरात पंखा बदलणं हे दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

घरी डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवरचा एक छोटा खटका शोधा. एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'इको' किंवा 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. डेस्कटॉपवाल्यांनी तो यूपीएसवर ठेवायचा, नाहीतर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडतो. मात्र यूपीएसवर असताना व्होल्टेज थोडं खाली गेलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तुम्हाला यात पडायची गरज नाही.

ट्यूब्युलर बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघायचं, नळाचं पाणी नाही. आणि बॅटरी हवेशीर जागी हवी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, बंद बाल्कनीत पायापाशी ठेवायची वस्तू नव्हे ती.

इन्व्हर्टर नकोच असेल तर राउटरपुरता मिनी यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर 'आउटपुट' काय लिहिलंय ते वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

८. नेट

मिनी यूपीएस घेतला, वीज गेली, राउटरचे दिवे ऐटीत चालू, आणि नेट बंद. असं माझं झालं. कारण जिन्यात होतं. आमच्या केबलवाल्याची फायबर तळमजल्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यापर्यंत, आणि तिथून लॅनची वायर वर घरोघर. डब्यातल्या स्विचला, म्हणजे नेट घरोघर वाटणाऱ्या यंत्राला, बिल्डिंगची वीज, बॅकअप शून्य. म्हणून कनेक्शन घेताना 'किती एमबीपीएस' याच्याआधी हा प्रश्न विचारा: फायबर थेट माझ्या घरात येणार का, की जिन्यातल्या डब्यातून वायर येणार? पातळ फायबरची तार घरातल्या डब्यात शिरत असेल तर जिन्यातल्या विजेवर तुम्ही अवलंबून राहत नाही. शिवाय गडगडाटी पावसात लॅनच्या लांब वायरीतून झटका येऊन राउटर जळतात. आमचा एक गेला.

वेग जाहिरातीत डाउनलोडचा सांगतात. व्हिडिओ कॉलला अपलोडही लागतो. एका चांगल्या कॉलला दोन्ही बाजूंनी चारेक एमबीपीएस पुरतात, तेव्हा ३०० च्या प्लॅनच्या मागे लागू नका. सकाळी ११ ला आणि रात्री ९ ला मोजून बघा. रात्री सगळी बिल्डिंग सिनेमे बघत असते.

राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे असाल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मलूल होतं, २.४ लांब जातं पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांनी ते आधीच भरलेलं असतं. यावर महागडा इलाज शोधण्याआधी लॅनचीच दहा मीटरची कॅट ६ वायर आणा आणि राउटरपासून भिंतीच्या तळपट्टीवरून टेबलापर्यंत घ्या. दिसायला गावठी, चालायला बिनधोक.

आणि फोनचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा. दोन्ही एकाच कंपनीचं असलं तर बऱ्याचदा दोन्ही एकदमच जातं.

९. आवाज, आणि घरची माणसं

आवाजाचा बंदोबस्त सोपा. तोंडाजवळ माइक येतो असा वायरचा हेडसेट घ्या, लॅपटॉपच्या माइकवर पंखा, भांडी आणि "भंगारवालाऽऽ" सगळं जातं. खोलीत आवाज घुमत असेल तर पाठीमागच्या भिंतीवर गोधडी टांगा. सासूबाईंनी शिवलेली एक जुनी नऊवारीची गोधडी माझ्या पाठीशी आहे. कॉलवरचे लोक ती कुठून आणली विचारतात.

माणसांचं अवघड. "घरीच तर आहेस" या तीन शब्दांत सगळं येतं. पहिल्या वर्षी गॅसचा सिलिंडर, शेजारच्यांची पार्सलं, मुलाच्या शाळेचे फोन, सगळं माझ्याकडे, कारण मी 'घरी'. चिडून उपयोग झाला नाही. सासूबाईंना एक दिवस शेजारी बसवलं आणि कॉल ऐकवला. माझे साहेब समोर, दहा-बारा जण, आणि मी आकडे वाचतेय. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "अगं, हे तर शाळेतल्या तपासणीसारखं आहे. मला वाटलं तू टाइप करतेस." त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यानंतर दारावरची बेल त्यांच्याकडे गेली.

बाकीच्या युक्त्या: बाल्कनीच्या पडद्यावर लाल ओढणी म्हणजे कॉल चालू, आत यायचं नाही. कुकर दहाच्या आत. कामाच्या मावशींची वेळ दहावरून दीडवर नेली. हे त्यांच्याशी बोलून करा, त्यांची पुढची घरं असतात. मावशींना दीडची वेळच सोयीची निघाली. मुलाला मात्र ओढणी दिसत नाही. त्याला फक्त वायफाय बंद झालेलं दिसतं.

१०. कागदपत्रं

नोकरदारांसाठी: ऑफिसची कोणती वस्तू घरी आहे याची यादी, अनुक्रमांकासह, मेलवर मागून घ्या. नोकरी सोडताना वायरीवरून वाद होतात. खुर्ची किंवा नेटचा खर्च ऑफिस देणार असेल तर बिल कुणाच्या नावावर हवं ते खरेदीआधी विचारा. माझं खुर्चीचं कच्चं बिल परत आलं.

स्वतःचा व्यवसाय घरून करणाऱ्यांसाठी थोडक्यात: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि ती फुकट आहे, पैसे मागणाऱ्या भलत्याच साइट्स शोधात वर येतात, त्यांना भुलू नका. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-ऑफिसच्या परवान्याचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार अगदी थोडी माणसं असतील तर परवाना लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. ती पावती बँकेत चालू खातं उघडताना कामी येते. सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी. त्यात घराचा पत्ता देताना अलीकडचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती लागते; घर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र, भाड्याचं असेल तर करार. लाइट बिलावरचं नाव आणि संमतिपत्रावरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. अर्ज अडकतात ते बहुधा तिथेच.

११. आता टेबल

एव्हाना तुमच्याकडे खुर्ची आहे, तिची उंची ठरलेली आहे, वायर कुठून येते माहीत आहे, ऊन कुठून येतं माहीत आहे. आता टेबल अर्ध्या तासात ठरतं.

तयार घेत असाल तर कड बघा. भुशाचा दाबलेला बोर्ड असेल तर कडेची पट्टी सुटली की पावसाळ्यात फुगतो. सुताराकडून करून घेत असाल तर १८-१९ मिलीमीटरचं बीडब्ल्यूआर (ओलीला टिकणारं) प्लाय सांगा, वर सनमायका, तोही चकाकणारा नको, दिव्याचं प्रतिबिंब पडतं. टेबलाची पुढून मागे रुंदी २४ इंच, म्हणजे स्क्रीन हातभर लांब राहते. वायरी जायला मागच्या कडेला दोन इंची गोल भोक, आधीच. पायांच्या जागेत आडवी पट्टी किंवा ड्रॉवर नको.

आमचं टेबल माझ्या एकटीचं नव्हतं, संध्याकाळी त्यावर मुलगा अभ्यासाला आणि रविवारी नवरा. म्हणून वरची फळी २८ इंचांवर त्या दोघांसाठी, आणि तिच्याखाली २४ वर सरकता ट्रे, माझ्या कीबोर्ड-माउससाठी. ट्रे माउस मावेल एवढा रुंद हवा, २४ ते २६ इंच. नुसत्या कीबोर्डपुरता केला तर माउस वर आणि हात पुन्हा उचललेला.

मिस्त्री तयार नव्हते. "ताई, टेबल तीसच असतं. सगळे तीसच करतात," असं दोनदा म्हणाले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हात वाकवायला सांगितला आणि कोपरापाशी टेप धरली. सव्वीस आले. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली, स्वतः पुन्हा मोजलं, आणि कानामागची पेन्सिल काढून फळीवर २८ लिहिलं. जाताना म्हणाले, त्यांच्या मुलीची बारावी आहे, आज घरी गेल्यावर तिचंही मोजतो.